अण्णांच्या कम्प्युटरसाठी हलकी सिस्टीम

अण्णा, तुमचा कम्प्युटर मी आपल्या पत्रिका छापायच्या दुकानाच्या माळ्यावरून खाली काढलाय. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. नेकनूरच्या वाचनालयाला तो हवाय, लोकांचे अर्ज टाईप करायला. फक्त चालता करून द्या, म्हणाले. चार दिवसांची रजा टाकून आलो, आज तिसरा दिवस, आणि ह्याच्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची हे अजून ठरत नाही. नोकरीत मी हेच काम करतो, दिवसाला चार-पाच मशिनी मार्गी लावतो. इथं मात्र उठतो, अंगणात चक्कर मारतो, परत येऊन बसतो.

तुमची ती जुनी विंडोज सुरू होईस्तोवर चहा उकळून होतो. तुम्हीही तेच करायचात, आधी बटण दाबायचं, मग स्टोव्ह पेटवायचा. पत्रिकेतलं एक नाव बदललं की हात मांडीवर ठेवून बसायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "दम धरा, म्हातारं हाय." मी सुट्टीला आलो की एकच सांगणं, "ह्याच्यात हलकं काईतरी टाकून दे की रं. लई दमतंय." मी म्हणायचो, बघू.

मग ती धारूरच्या लग्नाची पत्रिका. आपल्याकडे पत्रिकेत खाली निमंत्रकांची ही भली मोठी यादी असते, चुलते, मामे, सरपंच, माजी सरपंच. नवरीच्या थोरल्या मामांचं नाव तुम्ही शेवटच्या घटकेला वाढवलंत, तेवढ्यात कम्प्युटर अडकला, बदल सेव्ह झालाच नाही, आणि त्यांच्या नावाशिवायच पत्रिका छापून गेल्या. मामा तणतणत दुकानात आले. "आमचं नाव कावून न्हाई? आमी मेलो का काय?" तुम्ही हात जोडलेत. सगळे गठ्ठे परत मागवून एकेका पत्रिकेवर पेनानं, छापल्यासारख्या अक्षरात, त्यांचं नाव लिहीत बसलात. मी समोर मोबाईल बघत होतो. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "आता तरी टाकून दे."

मी म्हणालो, "भंगारात घाला ते, अण्णा. त्याच्यावर काही चालत नसतं."

"तुला जास्त कळतंय, बाबा," म्हणून तुम्ही पुढची पत्रिका ओढलीत. मी मशीन उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

आता तीन पेनड्राइव्हवर तीन तऱ्हेच्या लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या हलक्या सिस्टीम, घेऊन आलोय. परवा पहिली लावली, अक्षरं बारीक दिसतात म्हणून काढली. काल दुसरी. तिनं तुमचा प्रिंटरसुद्धा ओळखला, तर मला तिचा रंग आवडेना. आई दारात उभी होती. "चालतंय की रं चांगलं. मग परत कावून बंद करतो?" अजून चांगली बघतोय, असं तिला सांगितलं.

हे तिसरीवर टाईप करतोय, मशीनमध्ये न टाकता पेनड्राइव्हवरूनच, नुसतं चालवून बघायला. पेनड्राइव्ह काढली की हे सगळं पुसलं जाईल, तेच बरं. तिन्ही चालल्या, अण्णा. पहिली तर अर्ध्या तासात चालली, आणि तुम्ही मागत होतात तेव्हाही अशा सिस्टीम फुकट मिळत होत्या. आईला खोटंच सांगितलं. मी चांगली शोधत नाहीये. ह्याच्यावर चालणारच नाही, अशी एखादी शोधतोय.