बेचाळीस घरांचं पाणी

धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद घे. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या ह्यांना ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच? इकडचं विचारू नकोस, तरी सांगते.

माझी नात साथीच्या रोगांचं शिक्षण घेते आहे, पदवीच्या वरचं, दोन वर्षांचं. (मला वाटलं औषधं देईल. औषध कोणालाच देत नाहीत, नुसतं विचारतात.) वस्तीत जुलाबाची साथ आली, तेव्हा प्रबंधासाठी तिला घरोघर फॉर्म भरायचे होते. पाणी कुठलं पिता, उकळता का, जुलाब कोणाला झाले. नेमकी तिची परीक्षा आली. मी म्हटलं, दे इकडे, चौथी पास आहे मी, खुणा करता येतात.

चार दिवस जिने चढले, पायांचा भुगा झाला. आणि माणसं काय खोटं बोलतात गं. शिंपीण म्हणाली, वीस मिनिटं उकळते. तिचा सिलिंडर संपून आठ दिवस झालेले, मला ठाऊक. मी 'नाही'वर खूण केली आणि समासात लिहिलं, खोटारडी. निवृत्त मास्तर म्हणाले, आमच्याकडे कोणाला काही नाही. त्यांची सून मागे पोट धरून उभी. तेही दुरुस्त केलं. असे बेचाळीस फॉर्म सुधारले. (कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तरी प्यायले नसते.)

तिच्या सरांनी समास वाचले आणि फॉर्म रद्द केले. पंधरा दिवसांत नवे आणा, नाहीतर वर्ष गेलं. पोरगी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने गठ्ठा बांधला आणि म्हणाली, "आजी, लोक काय सांगतात ते मला हवं होतं."

"आणि खरं काय ते?"

"ते मी शोधायचं गं."

मी गठ्ठ्याची गाठ जरा घट्ट करून दिली.

थकले. पुरे करते.

तुझी थोरली

ता. क. मी समासात काय लिहिलं ते वस्तीभर झालं, इथे आता कोणी दार उघडत नाही. तुमच्याकडेही साथ आहेच, म्हणून सोमवारी ती तुझ्या गल्लीत येते आहे. घरोघर ने, ओळख करून दे आणि तोंड बंद ठेव. खोटं बोलतील, बोलू दे.

आणखी एक. बेचाळीस गेले, त्रेचाळिसावा सरांनी ठेवला. म्हणाले, हा एकच नीट भरलाय. तो आमच्या घराचा. त्यात मी 'पाणी रोज उकळतो' लिहिलंय. इथे चहाला गॅस पेटवायचा मला कंटाळा. पोरीला हे तू सांग. माझ्याने सांगवत नाही.