डिलिरियम म्हणजे तास सुटणं

आबा, तुमच्या शेवटच्या आजारातला दवाखान्याचा कागद काल सापडला. जुन्या सातबाऱ्यांत घडी होऊन बसला होता. डॉक्टरांनी त्यावर इंग्रजीत काय खरडलंय, ते तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढं आपलं आपण थोडंफार इंग्रजी शिकलो, पण हा शब्द काही भेटला नाही. वरच्या खोलीत नांदेडची एक पोरगी भाड्यानं राहते, हिंजवडीला कंपनीत जाते. तिला दाखवला.

"डिलिरियम," ती म्हणाली. "तापाच्या भरात बडबडणं, आजोबा." मग मोबाइलवर बोट फिरवून हसली. "मूळ तर बघा! लॅटिनमध्ये लिरा म्हणजे नांगराचं तास, नांगरानं पडते ती सरळ रेघ. तास सोडून भरकटला, त्यावरनं डिलिरियम."

"म्हंजी ह्यात नांगर हाय व्हय?"

मला आधी बरंच वाटलं. त्या तापात आठ दिवस उशाशी मी, आणि तुमच्या हाका मात्र धाकट्याला, जो तिकडं गुजरातेत नोकरीला. ती नुसती बरळ होती, अशी मी चाळीस वर्षं मनाची समजूत घालतोय. अजून तो रविवारी जेवायला येतो, नातवंडांना सांगतो, "आबांचा जीव माझ्यावर," आणि माझा घास तोंडात फिरतो. सत्तरी उलटली तरी पोटात दुखतं. म्हटलं, चला, लॅटिनवाल्यांनीच शिक्का मारला. आबांचं तास सुटलं होतं.

पण नांगर धरायला तुम्हीच शिकवलंत ना. धरणाकडच्या वावरात माझं तास वाकडं गेलं, तर तुम्ही चाबूक माझ्याच पोटरीवर ओढलात. "बैलाला काय शिव्या देतुयास? त्यो उगा तास सोडत न्हाई. ओढ आसंल तिकडंच जातोय." बांधापलीकडं हिरवं गवत होतं. आता रात्रंदिवस ते गवतच दिसतंय मला.

शेवटच्या दिवशी माझा हात चाचपून तुम्ही विचारलंत, "धाकटा न्हवं?" आई कानाशी लागली, "व्हय म्हण की रं, तुजं काय जातंय?" मी म्हणालो, "न्हाई. थोरला हाय." तुम्ही हात सोडलात.

हे पत्र घरात ठेवायची सोय नाही, धाकट्याच्या हाती लागेल. तुम्ही त्याला हाका मारत होता, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.