एस्नार्टचा पाठ

३ मार्च २०१४, सोमवार
ऑफिसात मेल, एस्नार्टची! मलावीत मी शिक्षकांना शिकवायला दोन वर्षं होते, तेव्हाची तिथल्या शाळेतली पहिलीच्या वर्गाची बाई. सहा वर्षांनी. तिकडं शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात जागा निघालीय, अर्जाला माझं शिफारसपत्र हवंय. मुदत शुक्रवार, १४ ता.
इथं क्वीन्सटाउनच्या ऑफिसातल्या गार एसीत वर्कशीट तपासत होते नि डोळ्यांपुढं तिचा वर्ग भरायचा ते आंब्याचं झाड. त्याखाली एकशे दहा पोरं, मांडीला मांडी लावून. बाटल्यांची बुचं मांडून बेरजा. कोळसा नि पाला वाटून फळा काळा करायचो, हात आठवडाभर तसेच. फार आठवण आली. तितकी उपयोगी मी नंतर कुठंच नव्हते.

४ मार्च
पत्र लिहायला घेतलं नि अडले.
तिच्या वर्गावर मी चारदा गेले. चारही वेळा तोच पाठ, सात अधिक पाच. प्रश्न संपायच्या आत हात वर, उत्तरं तोंडपाठ. चौथ्यांदा भडकलेच. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पाहुण्याला आपण चांगलंच वाढतो ना?"
मी रिपोर्टात लिहिलं, पाठ घोकून घेतलेला, इतर शिक्षकांना शिकवण्यास अयोग्य. त्यामुळं तिला शिक्षकांची ट्रेनर केलं नाही. कारण तिला कुणी सांगितलं नसावं. मी तर नाहीच.
आता त्याच हातानं 'योग्य' कसं लिहू?

६ मार्च
जेवताना विषय काढला. सायली फोनमधून मान वर न काढता, इथल्या पोरांच्या इंग्रजीत, "अय्या आई, सो लाँग अगो ऑलरेडी. जस्ट राइट समथिंग नाइस लाह." सुधीर म्हणाला, "अगं, शिफारसपत्रात कोण खरं लिहितं?" बापलेकीचं एकमत क्वचितच होतं, ते आज झालं.

९ मार्च, रविवार
ईस्ट कोस्टला, समुद्रकाठी. सुधीर सायकलवर पुढं, मी बाकावर. भोरजवळची माझी जि. प. शाळा आठवत बसले. विस्तार अधिकारी तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी मी एकच पाठ घटवून घ्यायचे. येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा; मी विचारायचे उजव्यालाच. साहेब खूश, शेरा 'उत्तम'.
एवढी वर्षं हे केलेली मी, मलावीत जाऊन साहेब झाले. लाज वाटली.

१० मार्च
तिला सगळं लिहून टाकलं. रिपोर्ट माझा होता, मी चुकले. तरी पत्र माझंच हवं का, तू ठरव. पाठवलं नि दिवसभर मेल उघड, बंद कर.

१२ मार्च, बुधवार
उत्तर आलं. तिचं इंग्रजी अजून तसंच, एकेक शब्द नीट ठेवलेलं.
"मॅडम, तो रिपोर्ट हेडमास्तरांनी त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. मला माहीत आहे. बाकी साहेबांपैकी कुणी झाडापर्यंत आलंच नाही, तुम्ही आलात. जे पाहिलंत ते लिहा."
रडू आलं. एवढी वर्षं तिला माहीत होतं.
लिहायला बसले. काय पाहिलं होतं मी? तो एक पाठ. एरवी, रोज, एकशे दहा पोरांना ती एकटी कशी शिकवायची ते मी पाहिलंच नाही. विचारलंही नाही कधी.
परवा शुक्रवार. कागद अजून कोराच आहे.