बाबांच्या नावाची घागर

उधना स्टेशन, सुरत
मे महिना, शनिवार

प्रिय दादा,

आधी पंखा लाव आणि खाली बस. उभ्या उभ्या वाचायला लागलास तर अर्ध्यावर टाकून देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, तर लागू दे. फोनवर आपण आपल्या मॉरिशसच्या क्रिओलमध्ये बोलतो आणि क्रिओलमध्ये आपण फक्त भांडतो, म्हणून हे कागदावर. खरं तर गेले पाच महिने भांडणंही नाही. मी आईशी बोलते, मागून तुझा आवाज आला की लेक्चर आहे म्हणून फोन ठेवते. रविवारीही माझं लेक्चर असतं, असं आईला वाटत असेल तर वाटो.

मी आत्ता स्टेशनच्या बाकावर बसले आहे. भुसावळकडे जाणारी एक गाडी सोडली, दुसरीची वाट बघते आहे. तिच्यात बसेन की नाही, ठाऊक नाही. डिसेंबरपासून माझं हेच चाललंय. शनिवार उजाडला की पाठीवर पिशवी टाकायची आणि निघायचं. व्यारा झालं, नवापूर झालं, नंदुरबार दोनदा, जळगाव तीनदा. सापुताऱ्याला गेले आणि डोंगर न बघताच पुढच्या बसने परत आले. हजीऱ्याच्या रस्त्याला बस नेईल तिथपर्यंत गेले, तर समुद्र दिसायच्या आधी कारखान्यांच्या भिंती लागल्या. बाबांनी वहीत लिहून दिलेलं रत्नागिरीकडचं गावही शोधून आले. पणजोबांचं नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. एका दुकानदाराने सरबत पाजलं आणि मॉरिशसला नारळ काय भावाने मिळतो ते विचारलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला फक्त पुढची गाडी कितीची आहे याचीच काळजी होती. कॉलेजातल्या मुली म्हणतात, ही इंडिया बघायला आली आहे. मी काही बघत नाही, दादा. मला एका जागी बसवत नाही, एवढंच.

का बसवत नाही, ते तुला माहीत आहे. बाबा नोव्हेंबरात मंगळवारी गेले आणि मला तू तेराव्या दिवशी सांगितलंस. माझा शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी. तू म्हणालास, पेपर बुडाला असता तर स्कॉलरशिप गेली असती, बाबांनाही ते चाललं नसतं. मुंबईहून विमानाने सहा-सात तास लागतात. सहा-सात तासांवर माझे वडील गेले, त्यांना अग्नी दिला, दहावं झालं, बारावं झालं, आपल्या कास्कावेल गावच्या झाडून सगळ्या लोकांनी घरी येऊन चहा घेतला, आणि मी इथे धाग्याच्या पिळाची गणितं सोडवत होते. फोनवर मी तुला एकच वाक्य म्हटलं होतं, आठवतं? मी कधी रडायचं हे ठरवणारा तू कोण? त्यानंतर तुझ्याशी बोलले नाही.

गाडी आली आणि गेली. मी बसले नाही. यापुढचं घरून लिहिते.

घर म्हणजे नवागाममधलं, भागीरथीमावशीचं. माझी राहायची सोय बदलली एवढंच तुला आईकडून कळलं असेल. वसतिगृहात महिनाभर काढला. तिथे सगळ्या गुजरातीत बोलायच्या आणि मी एकटी भिंतीशी मराठीत. आमच्या विणकामाच्या प्रयोगशाळेत भूपेंद्रभाऊ म्हणून मदतनीस आहेत, यंत्रांवर धागा चढवायला तेच शिकवतात. त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या घरी आणून सोडलं. हे लोक खानदेशातले. मावशीचा नवरा, पंडितकाका, पॉवरलूमवर बारा-बारा तास उभा असतो. मुलगी योगिता साड्यांना लेस लावते आणि बाहेरून बी.ए. करते. दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक, ती माझी. गल्लीत शेजारच्या मागांची खटाखट दिवसभर चालू असते. पहिले आठ दिवस डोकं उठलं, आता रविवारी माग बंद असले की उलट झोप येत नाही. घरात अहिराणी बोलतात, बाहेर गुजराती आणि हिंदी. माझं शाळेत शिकलेलं मराठी ऐकून योगिता हसून लोळते, म्हणते तू बोलायला लागलीस की बातम्या लागल्यासारखं वाटतं. गल्लीतली पोरं मला ‘मारिशस’ म्हणूनच हाक मारतात. मी ओ देते.

आता जे लिहिणार आहे ते मी अजून आईलाही सांगितलेलं नाही. तुझा तो फोन आला तेव्हा मी ओट्यावर मावशीबरोबर लसूण सोलत होते. फोन घेऊन वर गेले, तुझ्यावर ओरडले, तोंड धुतलं आणि खाली आले. मावशीने नेहमीसारखं विचारलं, तुना बाप कसा शे? मी म्हटलं, बरे आहेत. तोंडातून निघून गेलं. खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत सगळी गल्ली त्या ओट्यावर जमली असती, बायका माझ्या गळ्यात पडल्या असत्या. आणि तेरा दिवस जुनं झालेलं दुःख मी नव्याने कुठून सुरू करायचं होतं? तुम्ही सगळे रडून मोकळे झाला होता. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या मावशीने बाबांसाठी कुरडयांचा डबा भरून ठेवला होता, कुणी तिकडे जाणारं भेटलं तर पाठव म्हणाली. मग कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेव्हापासून नवागाममध्ये बाबा जिवंत होते, दादा. चांगले ठणठणीत होते. मावशी रोज विचारायची आणि मी रोज काहीतरी सांगायचे. इथल्या बाबांनी मागच्या अंगणात वांगी लावली. त्यांचे दोन दात काढले, कवळी बसवली, ती त्यांना आवडेना म्हणून ते खिशात घेऊन फिरतात, हेही सांगितलं. पंडितकाका खूप हसले. शाळेतून निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या पोरांना धरून मुळाक्षरं शिकवतात म्हटल्यावर योगिता म्हणाली, मला एकदा बोलायचंय त्यांच्याशी, व्हिडिओ लाव. मी म्हटलं, त्यांना फोनवर दिसायला लाज वाटते. एक सांगू? मला हे आवडायला लागलं होतं. रोज संध्याकाळी एक गोष्ट सांगायची आणि बाबांना आणखी एक दिवस मिळायचा. पण शनिवार-रविवार मावशीला वेळ असायचा, ती खोदून खोदून विचारायची, आणि मला भीती वाटायची की कवळी नक्की कुठल्या खिशात होती ते मी विसरेन. म्हणून गाड्या. म्हणून नंदुरबार.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात, आणि खानदेशी माणसाला तिच्यापुढे दिवाळीसुद्धा लहान. सगळे गावी जातात. पंडितकाकांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून या वर्षी इथेच करायचं ठरलं. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, वर आंबा आणि खरबूज ठेवतात. एकेकाचं नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. आदल्या दिवशी मावशी मला कुंभाराच्या गाडीवर घेऊन गेली. सासऱ्यांची एक, सासूची एक, अशा घागरी वाजवून वाजवून घेतल्या आणि मग तिने तिसरी उचलली. म्हणाली, ही तुझ्या आज्याची. तुझ्या बापाला तिथे आखाजी करायला कोण सांगणार? आपण त्याच्या वतीने भरू, त्यालाही बरं वाटेल. घागर तिने माझ्याच कडेवर दिली. बाबांच्या वतीने. जिवंत मुलगा म्हणून त्यांचं नाव घेतलं जाणार होतं, आणि आजोबांचं नाव सांगणार होते मी.

सकाळी उंबऱ्याशी तीन घागरी मांडल्या होत्या. पुरणाचा वास, आमरस, घरभर धूर. पंडितकाका अंघोळ करून निखाऱ्यांपुढे बसले, त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, तूप आणि पुरणपोळीचा घास टाकला. मग आईचं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, नाव सांग बेटा, आज्याचं. आजोबांचं नाव सोमा. मला ते पाठ होतं, तोंडाशी होतं. पंडितकाका हातात घास धरून थांबले होते. आणि मी म्हटलं, शालिग्राम. योगिताने चमकून माझ्याकडे बघितलं. कवळी खिशात घेऊन फिरणाऱ्या मास्तरांचं नाव तिला चांगलं ठाऊक होतं. पंडितकाकांनी बाबांचं नाव तीनदा घेतलं आणि घास निखाऱ्यावर ठेवला. तो जळेपर्यंत मी बघत राहिले. अग्नीपुढे त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिसऱ्या पाटावर पितर म्हणून भूपेंद्रभाऊ बसले. रोज माझी हजेरी लावणारा माणूस माझे वडील होऊन मान खाली घालून जेवत होता. मी वाढत होते. त्यांनी दोनदा आमरस मागितला. बाबा आमरसाला हात लावत नसत, पण मी वाढला. पानं उठली, भूपेंद्रभाऊ गेले, आणि मग मावशी माझ्यावर जी कडाडली! मला वाटलं होतं जवळ घेईल. तिने माझा दंड धरून विचारलं, तू माले का बरं सांगं नही? पाच महिने मी मेलेल्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करत होते, त्याच्यासाठी डबे भरत होते, माझी चेष्टा केलीस का? आणि शेवटी म्हणाली, मी कव्हय रडानं, हाई तू ठरावशी का?

दादा, माझंच वाक्य. तुला फोनवर म्हटलेलं, तेच तिच्या बोलीत. आणि माझ्याकडे उत्तर काय होतं? हेच, की मावशीला त्रास होऊ नये म्हणून एका दिवसापुरतं सांगितलं नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी सांगता येईना. मी ते बोलले आणि बोलता बोलताच मला तू दिसलास. पहिल्या दिवशी तूही म्हणाला असशील, आज तिचा पेपर आहे, उद्या सांगू. तुझ्यावरचा माझा राग गेला असं नाही. तुझं चुकलंच. पण ते कसं चुकतं, हे आता मला आतून माहीत आहे. मावशीने मला डोक्यावरून अंघोळ करायला लावली, उशिरा कळलं तरी अंघोळ करावी लागते म्हणाली, आणि तिनेही केली. मग ओट्यावर बसून ती बाबांसाठी रडली, कधीही न पाहिलेल्या माणसासाठी, आणि तिच्या शेजारी बसून मीही. गल्लीतल्या बायका आल्या. मला वाटत होतं तितकं काही ते भयंकर नव्हतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्या बारा दिवसांत बाबांच्या फोनवरून मला नऊ मेसेज आले होते. ते कुणी लिहिले, हे मी तुला कधी विचारलं नाही आणि तूही कधी बोलला नाहीस. आठ मेसेज बाबांसारखेच आहेत, अभ्यास कर, वेळेवर नीघ. नववा शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्रीचा. दमली असशील पोरी, आधी जेव, मग पुस्तक उघड. बाबांनी मला जन्मात कधी जेवलीस का विचारलं नव्हतं. मी तो मेसेज खाली नेऊन मावशीला वाचून दाखवला होता, इतका आनंद झाला होता. नंतर कळल्यावर तो पुसून टाकायला शंभरदा बोट नेलं आणि पुसला नाही. मराठीत तेवढं लिहायला तुला अर्धा तास लागला असेल. घरात माणसं बसलेली असतील, तू कुठे जाऊन लिहिलास? मला ते सगळं हवंय, दादा. बारा दिवस, एकेक करून. मंगळवारी बाबा काय बोलले, कुठला सदरा घातला होता, कोणी खांदा दिला, आई कुठे बसली होती, तू कधी रडलास. फोनवर सांगू नकोस, लिही, कितीही पानं झाली तरी लिही, चुका मी मोजणार नाही. नोव्हेंबरात वर्षश्राद्धाला मी येते आहे, त्याआधी मला ते वाचून झालेलं असायला हवं. आणि त्या नवव्या मेसेजला मी उत्तर पाठवलं होतं, हो बाबा, जेवले. ते तू वाचलं असशील आणि तुला बरं वाटलं असेल. तेव्हा मी जेवले नव्हते रे. तुझा मेसेज वाचल्यावर उठले आणि जेवले.

तुझीच,
उज्ज्वला