वाटे मी पाडले

ता. ९ फेब्रुवारी १९४७
आबांचं तेरावं होऊन महिना झाला. आज न्याहारीला शंकरने विषय काढला. "दादा, पाडव्याच्या आत वाटण्या करू. राग न्हाई, पर आता येगळंच बरं." पलटणीतून हवालदार होऊन आला तेव्हापासून धाकट्याचं मन एका चुलीत रमत नाही, हे दिसतच होतं. हो म्हणालो. आमच्याकडची रीत अशी की थोरल्याने दोन वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. उरेल तो थोरल्याचा. तेव्हा पाडणाऱ्याला लबाडी करून भागत नाही.

ता. १३
चार दिवस रान पायाखाली घातलं. एका वाट्यात विहिरीची पाच एकर. दुसऱ्यात माळाची अकरा, दोन्ही बैलजोड्या, गोठा. घर मधे भिंत घालून निम्मं. विहीर आबांनी नि मी मिळून फोडली, जीव तिच्यात आहे. तरी तिच्या बाजूला मूठभर जास्त टाकलं नाही, की कमी केलं नाही. चुलते तात्या सगळं फिरून बघून म्हणाले, "मला उचल म्हणला असतास तर मलाबी कळलं नसतं, कंचा चांगला." आज भाकरी गोड लागली.

ता. १४
ओसरीवर वाटे सांगितले. तात्या होते, आटपाडीहून बहीण सोना आली होती. शंकरने सगळं ऐकून घेतलं.
"आणि देव कंच्या वाट्यात?"
म्हणालो, देव थोरल्याकडे असतात.
"जे वाट्यात न्हाई, ते तुमी आधीच उचललं की."
सोना म्हणाली, "आमच्यात हंडाभर पाण्याला कोसभर जातोय. तुमच्याकडं पाणीबी हाय, देवबी हाय, तरी भांडाय येळ हाय. चांगलंय." तात्या हसले. मला हसू आलं नाही.

ता. १५
बोल लागला, कारण खरा आहे. देव वाट्यात धरावेत हे मनातच आलं नव्हतं. चांदीचे पाच टाक, रोज स्नान घालतो, सव्वीस वर्षं. ते माझेच, असं कधी ठरलं कोण जाणे.
ही म्हणते, "देव कुणी वाटून घेतंय व्हय? भावजींच्या हातनं पूजा तरी होईल का? चहा हातात द्यावा लागतोय."
होईल की नाही, हे मी कसं सांगू. लढाईत शंकर वाळवंटात होता तेव्हा आबांच्या सांगण्यावरून पत्रं मीच लिहीत असे. घडी घालण्याआधी आबा चिमूटभर जोतिबाचा गुलाल आत टाकायचे. पत्रं पोचायची की नाही, ठाऊक नव्हतं. आज त्याच्या बायकोने सांगितलं, ते सगळे कागद ट्रंकेत आहेत. अजून लाल.

ता. १९
देव माळाच्या वाट्यात घातले. विहिरीकडे घातले असते तर तो वाटा डोळे झाकून कोणीही उचलेल. आता एकीकडे पाणी, एकीकडे देव. तराजू पुन्हा सरळ झाला. शंकरला सांगितलं.
तो म्हणाला, "दादा, लय पेचात धरलंत मला."
म्हणालो, पेचात मी पण आहे. दोन्हींतलं एक माझंही जाणार.
"तुमाला कंचा पायजे, ते तरी सांगा."
सांगितलं नाही. सांगितलं तर तो हट्टाने तोच उचलेल, नाही तर उपकार म्हणून सोडेल. दोन्ही मला नकोत.

ता. २२
तात्यांनी तोड काढली. देव वर्षाआड पाळीने ठेवा.
मी म्हणालो, देवांनी दर पाडव्याला बिऱ्हाड हलवायचं?
शंकर लगेच, "बराबर हाय दादांचं. आबा वर बसून शिव्या घालतील."
पंधरवड्यात आमचं एवढं एकच जमलं. तात्या पागोटं उचलून निघाले. "दोघं एकाच दगडाचं. मरा."

ता. २७
परवा देवळात वाटा उचलायचं ठरलं. तोवर देव तात्यांकडे असावेत, कोणाच्याच घरात नकोत, असं मीच सुचवलं. पूजा केली, तांबड्या फडक्यात बांधले, निघालो. शंकर अंगणात होता. त्याने पायातले बूट काढले आणि अनवाणी मागे चालत आला. तात्यांच्या दारापर्यंत तसाच. परतताना मात्र तो पुढे, मी मागे.

ता. १ मार्च
स्नान झालं. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावला. काही मागितलं नाही. विहीर माग म्हणत होतं मन, मग देव माग म्हणालं. उठून आलो.
ही म्हणाली, "तुमी लय साधं हाय. थोरलेपणा घेऊन काय मिळालं?"
काय मिळालं ते आज दुपारी कळेल. शंकर काय उचलेल, खरंच मला ठाऊक नाही. ठाऊक नाही याचाच अभिमान वाटतो. राहील तो वाटा कमी आहे, असं गावात एकच माणूस म्हणू शकणार नाही, तो मी.
तात्यांचं बोलावणं आलं. शंकर मघाशीच देवळाकडे गेला म्हणतात. पागोटं बांधून निघतो.