कानबाईची वाट

सोमवार, संध्याकाळ

कानबाईला डोक्यावर घेऊन आज तापीवर विसर्जनाला गेलो. गाव आणि नदी यांच्यामध्ये महामार्गाचा उंच भराव येणार आहे. नदीवर जायला खालून बोगदा. मोजणीचे साहेब वाटेतच भेटले. म्हणाले, "ताई, ट्रॅक्टरसुद्धा जाईल त्यातून."

देवी डोक्यावर घेतलेल्या जाऊबाई थांबल्या. "अन् कानबाईना डोकावरथीन ट्रक जातीन का, भाऊ?"

साहेब हसले, मग मोजणीची टेप गुंडाळू लागले.

मला रस्ता हवाच आहे. सुरतेला दिलेली लेक लवकर घरी पोहोचेल. पण देवीला त्या बोगद्यातून कसं न्यायचं? उंची पुरेल, तरीही...

परतताना जाऊबाई म्हणाल्या, "पुढला साले घरमाच बादलीमा बुडाडसूत." सगळ्या हसल्या. 'असं नको' मात्र कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.