गिटारवर वाजलेला ढावलो

दारव्हा, ४ जानेवारी १९६२

आज गिटारपेक्षा भांडणच जास्त वाजलं. गिटार एक, पोरं चार. डॉक्टरांच्या बाळूला आणि नंदूला, दोघांनाही पहिली पाळी हवी. नागपूरला शेजारच्या मिसबाईंनी शिकवलं तसंच मी शिकवते. गिटार मांडीवर आडवी, उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातातली लोखंडी दांडी तारांवरून सरकवायची. नंदूने ती दांडी बाळूच्या गुडघ्यावर हाणली. दोघांना ओसरीच्या दोन टोकांना बसवलं. सायकलवाल्या रहमतभाईंची रशिदा मात्र नखं कापून, हात धुऊन येते.

चौथी सोनकी. ह्यांच्या कापसाच्या जिनातल्या चौकीदाराची, सोमलाची पोर. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बापाबरोबर येते, बापाबरोबर जाते. अकरा वर्षांची असेल. एकदा ऐकलं की तिच्या हातात येतं. माझा जीव हिच्यातच जास्त. हे डॉक्टरीणबाईंना कळलं तर संपलंच.

९ जाने.

सोनकीने आज मी न शिकवलेलं काहीतरी वाजवलं. दांडी वरून खाली अशी ओढत आणली की माणसाचा गळा वाटावा. अंगावर काटाच आला. हे जिनातून आले ते एका पायात चप्पल तशीच ठेवून दारात उभे.

"कुठली गं ही चाल?"

"तांड्यातली जी. आजी शिकवून राह्यली."

"गाणं कोणतं?"

"गाणं नाही. म्हणा लागते." एवढं बोलून मान खाली. लाजरी आहे म्हणून मी सोडून दिलं.

१५ जाने.

सोनकीची चाल सगळ्यांना बसवतेय. तिने वाजवायचं, बाकीच्यांनी 'आ'कारात म्हणायचं. रशिदा छान उचलते. नंदू कुत्र्यासारखं विव्हळतो, त्याला मागे उभा करणार. रविवारी माझं हळदीकुंकू, तेव्हाच ऐकवू. ह्यांचं म्हणणं, वाणामध्ये गिटार वाटणार का? आचरटपणा नुसता.

२१ जाने. संध्याकाळ

काय झालं ते नीट लिहिते.

ओसरी बायकांनी भरलेली. सोनकी वाजवायला बसली, पोरं गायला लागली. बायका माना डोलावत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती गोड हो." तेवढ्यात फाटकात सोनकीची आई, झमकू. बाजार करून पोरीला न्यायला आली होती. मी 'या, आत या' म्हणतेय, तर ती तिथेच मटकन खाली बसली. डोईवरची ओढणी तोंडावर ओढली आणि मोठ्याने रडायला लागली. साधं रडणं नव्हे. पोरं गात होती त्याच चालीत. तोच चढ, तोच उतार.

सोनकीच्या हातून दांडी पडली. "याडी," म्हणाली, आणि आईकडे धावली. झमकूने तिला दंडाला धरून नेलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायका तिळगूळ हातात धरून तशाच बसलेल्या. मला एका शब्दाचाही अर्थ लागेना.

२२ जाने.

ह्यांनी जिनात सोमलाला विचारलं. आधी टाळाटाळ, मग सांगितलं. त्या चालीला ढावलो म्हणतात. लग्न ठरलेल्या मुलीला म्हाताऱ्या बायका रडायला शिकवतात. पाठवणीच्या वेळी एकेकीच्या गळ्यात पडून तिने तसं सुरात रडायचं असतं. रीतच आहे.

म्हणजे सोनकीचं लग्न ठरलंय.

हे सांगत होते, मी कढईसमोर उभी. भाजी करपली, वास ह्यांना आला, मला नाही. अकरा वर्षांची पोर आपलं रडणं पाठ करत होती आणि मी ते चार पोरांना बसवून बायकांना तिळगुळाबरोबर ऐकवलं. शरमेने मेल्यासारखं झालंय. आणि रागही. सोमलाचा, त्या आजीचा. जाऊन बोलणार.

२६ जाने.

सोमलाच्या रेंगीतून तांड्यावर गेले. वाटेत बैलांशीच बोलत होता, माझ्याशी नाही. झमकू घराच्या आडोशाला वेचलेला कापूस निवडत बसलेली. मी पाठ करून गेल्याप्रमाणे सुरू केलं. वय नाही तिचं, कायद्याला धरून नाही, वगैरे. तिने मधेच तोडलं.

"मले काय सांगता बाई? मले तरी कोणी सांगतलं? मी दिवसभर वावरात. सासूनं अन् ह्यानं ठरवलं. मले तुमच्या दारात समजलं, तुमच्या त्या पेटीतून."

आईला पोरीचं लग्न ठरल्याचं माझ्या गिटारने सांगितलं. बसायला जागा शोधली, जमिनीवरच बसले.

मग तिनेच विचारलं. "तुमचं लगन कवा झालं?"

"चौदाव्या वर्षी."

"मंग रडल्या असान."

"नाही. बाबांनी बजावलं होतं, पाहुण्यांसमोर रडायचं नाही."

तिच्या हातातला कापूस तसाच राहिला. "रडू बी देलं नाही तुमाले?" माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी तिच्या पोरीकडे बघायला आले होते. ह्याला काय म्हणावं, कळत नाही. मी दया करायला गेले होते.

२८ फेब्रु.

सोनकीचं येणं बंदच. बाकीच्या तिघांना शिकवते, मन नाही. रशिदाने विचारलं, "वो कब आयेगी?" सांगितलं, माहीत नाही. ढावलो कोणीही म्हणायचा नाही अशी ताकीद दिली आहे.

११ मार्च

झमकू एकटीच आली. बाजाराचं निमित्त. पाणीसुद्धा प्याली नाही. होळीला तांडा गोळा होतो, तेव्हा तांड्याचा मुखिया, नायक, शेवटचं ठरवणार. नवऱ्याकडचे तेव्हाच येणार.

"माह्या तोंडाले कोण पुसते? तुमी या. नायकापुढं सांगा, पोर लहान असली अन् पाठवली तं काय होते ते."

"मी काय सांगणार? मला तुमच्यातलं काय कळतं?"

"तुमचंच सांगा."

माझं मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ह्यांना तर नाहीच. तरी तोंडातून 'येते' निघून गेलं.

१८ मार्च

परवा होळी. आज जेवताना ह्यांना सांगितलं की मी तांड्यावर जाणार आहे. वाटलं, लोक काय म्हणतील म्हणून अडवतील. अडवलं नाही.

"काय सांगणार आहेस तिथे?"

"लग्नानंतरची पहिली दोन वर्षं. जशी गेली तशी."

हे बराच वेळ ताटात बोट फिरवत बसले. आमटीवर साय धरली.

"तू रडली नव्हतीस," म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, तू खुशीने आलीस."

बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि ह्यांच्यासमोर मी कधी रडलेले नाही. मग त्यांनी हात न धुताच विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

अजून उत्तर दिलेलं नाही. रेंगी परवा सकाळी येणार आहे.